बाबल्याची वनलक्ष्मी चूल

गलबतावर रांधणाऱ्याला भंडारी म्हणतात. जात कुठलीही असो, चुलीपाशी बसला की तो भंडारी. रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावचा बाबल्या असा तीस वर्षं भंडारी होता. मंगळुरी कौलं, मीठ, कोळसा, सरपण, जे मिळेल ते भरून गलबत किनाऱ्याकिनाऱ्यानं मुंबईला जायचं, आणि लाकडी पेटीत बसवलेल्या मातीच्या चुलीवर बाबल्या आठ माणसांचा भात शिजवायचा. गलबत हेलकावे खात असताना पेजेचं मडकं कसं उतरवायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दोनदा पाय भाजल्यावर ते आपसूक आलं.

लग्न त्यानं केलं नाही. वर्षातले आठ महिने पाण्यावर काढणाऱ्याला मुलगी कोण देणार, असं तो म्हणे. पण गलबतावरच्या बाकी सात जणांची लग्नं झालीच होती, तेव्हा हे कारण काही खरं नव्हतं. खरं कारण त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

मग मालाचे ट्रक सुरू झाले. गलबताला माल मिळेना. मालकानं एक दिवस गलबत मोडीत काढलं आणि बाबल्या कायमचा जमिनीवर आला. एक खोली, पुढं पडवी आणि गलबताच्या नावाची फळी एवढंच त्याच्याजवळ होतं. ‘दर्यासुंदर’ असं कोरलेली ती फळी त्यानं चुलीच्या वर भिंतीला ठोकली आणि तिच्यावर मीठमसाल्याचे डबे मांडले.

अडचण एकच झाली. त्याला एका माणसाचा स्वयंपाक करता येईना. आठ जणांना सवयलेला हात. तांदूळ घ्यायला डब्यात गेला की आपल्या मर्जीनं मुठी भरायचा. पहिले काही दिवस शिळा भात खाऊन तो कंटाळला. शिवाय भंडाऱ्यानं सगळ्यात शेवटी जेवायचं ही गलबतावरची रीत. तांडेल जेवला, खलाशी जेवले, मग मडक्यात उरेल ते भंडाऱ्याचं. आता आधी जेवणारं कुणीच नव्हतं आणि बाबल्याच्या तोंडात घास फिरायचा. आपलं काहीतरी चुकतंय, आपण चोरून खातोय, असं त्याला वाटत राही.

अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे ठमाबाई राहत होती. तिचा नवरा धाकू बाबल्याबरोबर त्याच गलबतावर होता आणि तापानं वेंगुर्ल्याच्या बंदरात वारला होता. मुलगा शिवा मुंबईला गोदीत कामाला. तीही एकटीच. एके दिवशी बाबल्यानं बांगड्याचं कालवण आणि भात झाकून गडग्यावर ठेवला आणि हाक मारली.

“वैनी, धाकूच्या वाटचां काडून ठेवलंय. जेवा.”

ठमाबाईनं ते नेलं. दुपारी तिच्या मागल्या दारी भांडी घासल्याचा आवाज आला तेव्हा बाबल्या पान घेऊन बसला आणि त्याला घास गोड लागला. पुढं ते रोजचंच झालं. ठमाबाई कधी भाकरी द्यायची, कधी सुकट भाजून द्यायची, आणि मीठ जास्त पडलं की गडग्यापलीकडून ऐकवायची. वाडीला त्यात काही वावगं दिसलं नाही. मेलेल्या सोबत्याच्या बायकोला घास देतो, एवढंच वाडीला दिसायचं, आणि ते खरंही होतं. त्या गडग्यावरच्या भांड्यावर बाबल्याचा अख्खा दिवस टांगलेला असतो, हे मात्र कुणाला कळलं नाही. कळावं असं त्यानंही कधी वागून दाखवलं नाही.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर रत्नागिरीच्या एका मंडळाची जीप वाडीत आली आणि शाळेच्या भिंतीवर, देवळापाशी, वाण्याच्या दारावर कागद चिकटवून गेली. कागदावर हिरव्या लुगड्यातली गोरी बाई, मागं बोडका डोंगर, आणि मोठ्या अक्षरांत, ‘माउली, तुझ्या चुलीत डोंगर जळतोय.’ खाली बारीक अक्षरांत, ‘एक मोळी वाचवते, तीच खरी गृहलक्ष्मी. घरी आणा वनलक्ष्मी निर्धूर चूल.’

बायकांनी तो कागद वाचून नाकं मुरडली. ठमाबाई तर चिडलीच.

“माज्या चुलीत डोंगर जळतोय म्हंतत, भावजी. आनि भात शिजला की जेवायला सगली येतत. तेवा कोन माउलीचा नाव काडीत नाय.”

बाबल्या हसला, पण तो कागद त्याच्या मनाला लागला होता. त्याला कारण होतं. समुद्रावरून डोंगर जसा दिसतो तसा तो डोंगराखाली राहणाऱ्यालाही दिसत नाही. तांडेल झाडांच्या खुणांवर गलबत हाकायचा. अमुक कड्यावरचा वड आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की खाडीचं तोंड आलं. तीस वर्षांत अशा कितीतरी खुणा गेल्या. एका वर्षी वड होता, पुढल्या वर्षी नुसता कातळ. आणि ते तोडलेलं लाकूड, तो कोळसा गेला कुठं? गलबताच्याच पोटात. बाबल्या त्याच ढिगावर अंथरूण टाकून मुंबईपर्यंत झोपून गेला होता. तेव्हा डोंगर कुणी जाळला हे त्याला कागदवाल्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. शिवाय धुरानं त्याचे डोळे कायमचे लाल झाले होते.

त्यामुळं शाळेच्या पडवीत चुलीची सभा भरली तेव्हा बाबल्या धुतलेला सदरा घालून गेला आणि मागच्या खांबाला टेकून बसला. पुढं चाळीसएक बायका. मंडळाच्या सगुणाबाई उभं राहून सांगत होत्या. शाळामास्तरीण होत्या, सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून गावोगाव फिरायच्या. मनानं चांगल्या होत्या, आणि हे सांगून ठेवायला हवं, कारण पुढं जे झालं ते कुणाच्या वाईटपणामुळं झालं नाही.

“काका,” त्या म्हणाल्या, “सभा बायकांची आहे. घरातून कुणाला तरी पाठवा ना.”

“घरातून मीच आलंय.”

बायका खुसखुसल्या. सगुणाबाईही हसल्या. सभा संपल्यावर त्यांनी बाबल्याला बोलावून छापील अर्ज पुढं ओढला. पहिली ओळ ‘गृहिणीचे नाव’. दुसरी ‘पतीचे नाव’.

“बहीण? भावजय? कुणीतरी असेलच.”

“रांदनारा मीच. माजा नाव लिवा.”

“लिहिते हो मी. पण वर गेल्यावर खोडतील. चुली मोजक्याच आल्यात आणि त्या गृहिणींसाठी आहेत.” त्यांना खरंच वाईट वाटलं. “तुम्ही शेजारच्या ताईंना पटवा ना, चूल घ्यायला. तेही मोठं काम आहे.”

बाबल्यानं ते काम केलं. ठमाबाईला त्यानंच पटवलं. तिच्या घरी साच्यातली चूल बसली तेव्हा त्यानं चिखल मळून दिला, तूस घातलं, आणि साच्याची सगळी मापं विती-बोटांनी मनात घेतली. आठवड्याभरात तशीच चूल त्यानं आपल्या घरी घातली. गलबतावरची चूल दर फेरीला फुटायची आणि दर फेरीला तोच ती बांधायचा, तेव्हा मातीचं काम त्याला नवं नव्हतं. एक बदल मात्र त्यानं केला. दुपारी खारा वारा सुटला की तो सगळ्यांच्या धुराड्यात शिरून धूर उलटा घरात ढकलायचा. बाबल्यानं धुराड्याचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून वळवलं, गलबतावर वळवतात तसं. वाडीतल्या एकवीस वनलक्ष्मी दुपार झाली की धुपायच्या आणि बायका त्यांना शिव्या देऊन जुन्या चुली पेटवायच्या. न धुपणारी चूल एकच होती, आणि ती मंडळाच्या यादीत नव्हती.

ही बातमी सगुणाबाईंना लागली. जानेवारीत त्या फोटोवाल्याला घेऊन आल्या. चूल बघून त्या इतक्या खूष झाल्या की बाबल्याला शाळेतलं बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. त्यानं घाईघाईनं डबे पुसले, चुलीला पोतेरं दिलं, मडकं चढवलं आणि सदरा बदलून चुलीपाशी बसला.

“काका,” सगुणाबाई अवघडून म्हणाल्या, “फोटोत बाई हवी. बायकांना बघून बायका शिकतात. चुलीपाशी पुरुष बसलेला दाखवला तर लोक हसतील, आणि कामाचं हसं होईल.”

बाबल्या उठला. त्याला ते पटलंही. सभेत बायका हसल्या होत्याच की. त्यानं स्वतः गडग्यापाशी जाऊन हाक मारली.

“वैनी, जरा येवा. फोटो काडतत.”

ठमाबाई नाही नाही म्हणत आली. बाबल्यानंच तिच्या हातात पळी दिली आणि कशी धरायची ते दाखवलं. आत उजेड पुरेना तेव्हा तोच कौलांवर चढला आणि चुलीवरची दोन कौलं त्यानं बाजूला केली. फोटो निघाला तेव्हा घराचा मालक घराच्या डोक्यावर बसलेला होता आणि भोकातून खाली बघत होता. ठमाबाई लाजून हसली. तिला तसं हसताना त्यानं धाकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आपणही घर मांडलं असतं तर ते दुपारचं असंच दिसलं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग तो कौलं सारखी करायला लागला.

शिमग्याच्या आधी नवा कागद आला. फोटोवरून चित्रकारानं रंगीत चित्र केलं होतं. चित्र झकास होतं, यात वाद नाही. तीच चूल, तीच भिंत, वर ‘दर्यासुंदर’ची फळी, तिच्यावर डबे. आणि चुलीपाशी ठमाबाई. चित्रकारानं तिची दहा-पंधरा वर्षं कमी केली होती. लुगडं हिरवं, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खाली ओळ होती, ‘माझं घर, माझी चूल, माझा हिरवा डोंगर. सुवासिनींनो, वनलक्ष्मी आजच आणा.’

चित्रकाराला कुणी तसं सांगितलं नव्हतं. चुलीपाशी बाई म्हटल्यावर कुंकू आलंच, असं त्याच्या हाताला वाटलं आणि हात चालला. पण वाडीत ती फळी कुणाला ओळखू येत नव्हती? बाबल्याच्या घरात, बाबल्याच्या चुलीपाशी, धाकूची विधवा कुंकू लावून बसली होती आणि ‘माझं घर’ म्हणत होती. हे छापलेलं होतं, रंगीत होतं, आणि रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर ओळीनं चार ठिकाणी लावलेलं होतं. शिमग्याला मुंबईहून येणारा प्रत्येक माणूस तिथंच उतरत होता. इतकी वर्षं ज्यात कुणाला काही दिसलं नव्हतं, त्यात आता सगळ्यांना सगळं दिसायला लागलं. गडग्यावरचं भांडं लोकांनी मनातल्या मनात पुन्हा मोजलं.

बाबल्या दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या कचेरीत गेला.

“बाई, ते कागद काडून घ्या.”

सगुणाबाईंना आधी समजेना. समजलं तेव्हा त्या वरमल्या, पण करायचं काय हे त्यांना सुचेना. पाचशे कागद तीन तालुक्यांत गेले होते. “काका, अहो ते चित्र आहे. त्यात ठमाबाई कुठं आहेत? ती कुठलीही एक गृहिणी आहे.”

“मग ती माज्या घरात काय करते?”

“मी बोलते समितीत,” एवढं त्या म्हणाल्या.

परत येताना बाबल्या स्टँडवर थांबला. फाडावा म्हणून कागदाला हात लावला, पण खळ पक्की बसली होती. मग त्यानं अंगठा थुंकीनं ओला केला आणि चित्रातलं कुंकू पुसायला लागला. रंग निघेना तसा तो आणखी जोरात घासायला लागला. मागं माणसं जमली. एकदम त्याच्या ध्यानात आलं की धाकू गेला तेव्हा वाडीतल्या बायकांनी ठमाबाईचं कपाळ असंच घासलं होतं. तेव्हा तो दारात उभा होता. त्यानं हात काढून घेतला आणि मान खाली घालून भाट्यापर्यंत पायी आला.

शिवा शिमग्याला आला. तो भांडला असता तर बाबल्याला बरं वाटलं असतं. पण तो पडवीत येऊन सरळ बसला, पाणी प्यायला आणि खाली बघत बोलला.

“बाबल्याकाका, काय झालां ता मला ठाव हाय. माजा तुमच्यावर राग नाय. पन गोदीतली मानसां इचारतत, तुज्या आवशीन परत घर मांडलान काय. कितीजनांना सांगत बसू?”

“तुजा बरोबर हाय,” बाबल्या म्हणाला.

“आवशीला घेऊन जातंय मी.”

निघायच्या दिवशी ठमाबाई गडग्यापाशी आली. सगळी वाडी बघत होती, म्हणून ती मुद्दाम मोठ्यानं बोलली, उन्हात काय वाळत घातलंय, कोंबड्या कुणाला दिल्या, असलं. मग हळूच म्हणाली, “वीस वर्सांनी माज्या कपालावर कुंकू बघलां, भावजी. बरां दिसत होतां नाय?”

“होय,” बाबल्या म्हणाला. त्याला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. मीच तुला हाक मारली, मीच पळी हातात दिली, असं सांगायचं होतं. पण शिवा ट्रंक घेऊन बाहेर आला होता.

त्या दुपारी त्यानं सवयीनं भात घातला. गडग्यावर ठेवायला गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. पलीकडं भांडी वाजायची नव्हती. तो बराच वेळ पानापुढं बसून राहिला, मग उठून सगळा भात वाडीतल्या गुरांना घातला. एवढा एकटेपणा त्याला भर समुद्रात, धुक्यात, किनारा हरवलेला असतानाही वाटला नव्हता. तिथं सात माणसं भुकेली असायची. इथं कुणाला भूकच नव्हती.

पावसाळाभर तो हाताला शिकवत राहिला. मूठ भरायची आणि निम्मी परत डब्यात सोडायची. साठाव्या वर्षी भंडारी एका माणसाचा भात शिकला. गणपती येऊन गेले तेव्हा कुठं त्याचा अंदाज बसला. आधी कुणी जेवल्याशिवाय जेवायचंही त्याला जमायला लागलं, म्हणजे चव लागायची नाही, पण पोट भरायचं.

दिवाळीनंतर सगुणाबाई तक्ते घेऊन आल्या. जुन्या चुलीला महिन्याला किती मोळ्या, नव्या चुलीला किती, अशी प्रत्येक घरची पाहणी होती. पलीकडच्या दाराचं कुलूप त्यांनी पाहिलं. मग पेन काढलं.

“काका, आधी किती लागायच्या?”

“चार.”

“आणि आता?”

“दोन. त्याबी उरतत.”

“निम्म्यानं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. “अख्ख्या तालुक्यात एवढी बचत कुठल्या घरात नाही.”

“चुलीन थोडा वाचवलान, बाई. बाकीचा वैनी गेली म्हनून वाचला. आदी दोन मानसांचा रांदत होतो, आनि हात मोटा होता.”

सगुणाबाईंनी तक्त्यावरून बोट फिरवलं. “ते लिहायला इथं रकाना नाही, काका,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“मग नका लिवू. लाकूड वाचलां तां खरां हाय.”

त्यांनी चार आणि दोन लिहिलं.

संक्रांतीच्या सुमारास वाण्याच्या दुकानात पत्रकांचा गठ्ठा आला. वाण्यानं एक बाबल्याच्या हातात दिलं. बाबल्या घरी आला, पडवीत बसला आणि एकेक अक्षर लावत त्यानं वाचलं. ‘भाट्ये येथील एका गृहिणीने वनलक्ष्मी चुलीवर निम्मे लाकूड वाचवले. माउली, तू कधी वाचवणार?’

त्यानं ते पुन्हा एकदा वाचलं. चार आणि दोन हा आकडा वाडीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. म्हणजे गृहिणी तोच. त्याला हसू फुटलं. ते एकट्याचं हसू पडवीत फार मोठं ऐकू आलं आणि तो थांबला. ठमाबाई असती तर गडग्यावर हात टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली असती, म्हणाली असती, भावजी, अखेर माउली झालात. तिला हे कळवावं असं त्याच्या फार मनात आलं. त्यानं टपालातून कार्ड आणलं, लहानपणी शाळेत शिकलेल्या अक्षरांत चार ओळी लिहिल्याही. पण शिवाचा मुंबईचा पत्ता त्याच्याकडं नव्हता. वाडीत तो पाचसहा घरांत होता, आणि त्यातल्या एकाही दारात जाऊन बाबल्याला आता ठमाबाईचा पत्ता मागता येणार नव्हता.